मोजली ती पहिली फेरी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चारचौघांत सांगतो ते वेगळंच — फोरट्रान या जुन्या कॉम्प्युटर-भाषेवर पकड होती, म्हणून नोकरी पक्की झाली. पकड होती, खोटं नाही. पण नोकरी त्यामुळं झाली नाही.

पैठणच्या धरणातून पाणी सोडलं तर कालव्यात कुठं किती चढेल, हा हिशोब आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर चालायचा. हंगामी आम्ही दोघं, मी आणि अर्चना; पक्की जागा एक. माझा प्रोग्राम फोरट्रानमधला, अर्चनाचा ज्युलियात — ही नवी भाषा. साहेब म्हणाले, ज्याचा प्रोग्राम जलद, तो माणूस ठेवू.

अर्चनाचे आजोबा वकील. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. — हे कशाला सांगतोय? तेव्हा मनाला हेच सांगत होतो, म्हणून.

चाचणीच्या दिवशी तिला पाण्याच्या मोजणीसाठी पैठणला जावं लागलं. निघताना म्हणाली, "दादा, माझाही तुम्हीच चालवा. तेवढं आधी एकदा फिरवून घ्या, मगच वेळ मोजा." ज्युलिया पहिल्या फेरीत आधी सगळा प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवते, त्यात वेळ जातो. खरा वेग दुसऱ्या फेरीपासून. आणि आम्हाला तर तोच हिशोब दिवसभर फिरवायचा — पहिल्या फेरीला विचारतं कोण?

"व्हय, माहितीय," मी म्हणालो. माहीत होतंच. विसरलो असतो तर... पण विसरलो नाही.

साहेबांसमोर मी मशीन नव्यानं चालू केलं आणि तिची पहिलीच फेरी मोजली. साहेब हसले. "ही नवी भाषा व्हय? ही तर अजून चपलाच घालतीय." मीही हसलो.

ते गेल्यावर दुसरी फेरी चालवली. का चालवली? तिचा प्रोग्राम माझ्यापुढं निघून गेला. मी तो आकडा पुसला.

संध्याकाळी परत आल्यावर निकाल ऐकून तिनं विचारलं, "आधी एकदा फिरवला होता ना?"

"फिरवला की."

"घरी तर जलद चालत होता," एवढंच पुटपुटली. मग अंधार पडेपर्यंत स्वतःचाच प्रोग्राम वाचत बसली, चूक शोधत. नव्हतीच, तर सापडणार कुठून? मी शेजारच्याच खुर्चीवर होतो.

जागा मला मिळाली. तिनं पुढं हे कामच सोडलं. हर्सूलला शिकवण्या घेते, असं ऐकलं.

शेवटच्या दिवशी टेबल आवरताना ती म्हणाली, "दादा, माझ्या प्रोग्रामपायी तुमचा वेळ गेला. राग नका धरू."

मी म्हणालो, "असू दे. होतं असं."