रंभाआत्यांचा राहिलेला दिवस

रंभाआत्या माझ्या चुलत सासूबाई. नांदे गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे त्यांच्या कण्हण्यापासून भांडणापर्यंत सगळं मला घरबसल्या ऐकू येतं. या बाईंनी आयुष्यात भल्याभल्यांना हात टेकायला लावले, त्यात मी पहिली. गोड बोलणं त्यांना जमत नाही आणि मला तर मुळीच जमत नाही, म्हणूनच आमचं जमतं.

त्यांची बरीचशी जमीन केव्हाच गेली. तिच्यावर आता सोसायट्या उभ्या आहेत. घराच्या माडीवर खोल्या काढल्यात, त्यात हिंजवडीला कामाला जाणारी पोरंपोरी भाड्यानं राहतात. उरलंय ते विहिरीजवळचं एक भातखाचर. दर पावसाळ्यात दिवसदिवस वाकून आत्यांनी ते लावलं, आणि त्याच वाकण्यानं त्यांची कंबर खाल्ली. गेल्या वर्षी तर लावणीच्या दिवसांत त्या अंथरुणावर होत्या. कूस बदलायची म्हटली तरी ओरडायच्या.

त्यांचा मुलगा राजू, म्हणजे आमचे भावजी, माणूस वाईट नाही. पण आईला तसं तळमळताना बघून त्यांचं डोकं फिरलं, आणि माणसाचं डोकं फिरलं की ते सोयीच्या बाजूलाच फिरतं.

"आई, औंदा तू सोता उभी राहून लावलंस तर लावलंस," यंदा पावसाच्या तोंडावर ते म्हणाले. "न्हाईतर खाचरात मुरूम टाकतो आन कंपनीच्या गाड्या लावायला देतो. त्या चिखलापायी तू मरायची, आन मी बघत बसायचं व्हय?"

आत्यांनी त्याच दिवशी भाताचं बी भिजत घातलं.

मी त्यांना बसनं पिरंगुटला नेलं, फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंकडे. तिथं त्यांच्या कमरेला चिकट पट्ट्या लावून एका छोट्या मशीननं बारीक बारीक करंट दिला. आत्यांनी आधी माझा दंड असा आवळला की वळ उठले. मग हळूहळू चेहरा सैल पडला. "अगं, मुंग्या पळतायत नुसत्या," त्या म्हणाल्या. "आन दुखणं कुटं गेलं?"

"दुखणं गेलं नाही, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नसांना दुसरीकडे गुंतवलंय, म्हणून ते जाणवत नाही. मणक्यातली गादी सरकलीय, ती यानं बरी होत नाही. मशीन लावून वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. आणि पाय बधिर पडला, किंवा लघवी अडली, तर एक क्षण थांबू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं."

मी नीट ऐकलं. आत्यांनी फक्त दुखणं जाणवत नाही एवढंच ऐकलं.

माडीवर राहणाऱ्या स्वरदानं तसंच मशीन मागवून दिलं. ती अमरावतीची पोर, दिवसभर खुर्चीत बसून तिचीही कंबर गेलेली. सगळं तिनं पुन्हा समजावलं. आत्या मान डोलवत राहिल्या, आणि लावणी सुरू झाली तशा मशीन दुधाच्या पिशवीत गुंडाळून, कमरेला खोचून चिखलात उतरल्या. मी भांडले, स्वरदा रडकुंडीला आली. आत्या म्हणाल्या, "तुमी तुमचं बघा."

यामागे सावड होती. आमच्याकडे लावणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून घरं एकमेकांना दिवस देतात. आज आम्ही तुमच्यात, उद्या तुम्ही आमच्यात. घेतलेला दिवस फेडायचा, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी दारात उभं राहत नाही. आपल्या खाचरात बायका याव्यात म्हणून आत्या आधी सगळ्यांच्या खाचरांत राबून आल्या. फक्त माझं राहिलं होतं. माझं रान सखल, त्यातलं पाणी उशिरा उतरतं, म्हणून माझी लावणी नेहमी सर्वांत शेवटी.

त्या दिवसांत त्यांच्या डाव्या पायातली चप्पल सारखी निसटायची. शेवटी त्यांनी ती चिंधीनं बांधून टाकली. मी विचारलं तर म्हणाल्या, "पट्टा ढिला झालाय." चप्पल नवी होती.

त्यांच्या खाचराचा दिवस आला. भावजी सकाळपासून बांधावर, कानाला फोन. आई उभी राहते का, हे बघायलाच आले होते, कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. आत्या ओळीच्या टोकाला, त्यांच्या शेजारी मी. वाकून रोपं लावायची आणि मागे सरकायचं. आत्यांचा हात भराभर चालला होता. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्या डावा पाय उचलत नव्हत्या, ओढत होत्या.

निम्मं खाचर झालं असेल. विहिरीचं पाणी जिथून आत येतं तिथं ते जरा निवळ असतं, आणि त्या निवळ पाण्यात मला लाल धार दिसली.

"अगं, कुणाला लागलं?" मी ओरडले. सगळ्या बायकांनी एकेक करून पाय वर घेऊन पाहिले. कुणालाच काही नाही. आत्या तेवढ्या लावतच होत्या.

"आत्या, पाय वर घ्या."

"मला कुटं काय झालंय?"

मी त्यांची पोटरी धरून पाय चिखलातून वर काढला. सोसायटीच्या भिंतीवरून फेकलेल्या बाटलीची काच तळव्यात रुतली होती, आणि त्या तिच्यावर उभ्या राहून लावणी करत होत्या. आत्यांनी पायाकडे पाहिलं आणि चक्क हसल्या.

"बघ की गं! कायबी दुखत न्हाई. मशीन पार तळव्यापातूर पोचलंय."

मला ती निसटणारी नवी चप्पल आठवली. किती दिवसांपासून पाय मरत चालला होता, आणि ही बाई त्याला गुण आला म्हणून खूश होती!

"मशीन बंद करा," मी म्हणाले.

"न्हाई."

"आत्या, बंद करा. पायाला कळतंय का बघू."

त्यांनी बांधाकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "बंद केलं तर मी हितंच पडंल, कल्पे. राजू बघतोय. एवढं हुंदे. निम्मंच राहिलंय."

मी त्यांच्या कमरेला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. वयानं एवढ्या थकलेल्या बाईच्या हातात तेवढा जोर कुठून आला, देव जाणे. मी मनगट सोडवून घेतलं, पिशवी उपसली आणि मशीन बंद केलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग दुखणं परत आलं. आत्यांचा चेहरा आक्रसला, दात आवळले गेले, आणि त्या माझ्या खांद्यावर कोसळल्या. मी तसंच त्यांना एका हातानं धरलं आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जोरात चिमटा काढला, नखं रुतवून.

"कळतंय?"

"काय?"

कंबर जागी झाली होती, पाय झाला नव्हता. मी कानाशी तोंड नेलं. "सकाळधरनं लघवी झाली का?"

"बसले दोनदा. हुईना. वय झालं आता."

मी बांधाकडे बघून एवढ्या जोरात हाक मारली की भावजींच्या हातातला फोन पडला. ते बुटांसकट चिखलात उतरले. आईला उचललं तेव्हा तिच्या मुठीत अजून रोपं होती, आणि त्या मुठीनं ती त्यांच्या पाठीवर मारत होती. "सोड मला! निम्मं राहिलंय! माझं खाचर राहिलंय!"

"खाचर गेलं खड्ड्यात!" भावजी ओरडले.

आत्यांचा हात थांबला. गाडीत बसवेपर्यंत आणि पुढे पुण्यापर्यंत त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. काच काढून मी तळव्याला फडकं आवळलं तेव्हाही नाही. मुलाचा निकाल त्यांनी ऐकला होता. मागे बायकांनी त्यांचं खाचर दिवस मावळेपर्यंत पुरं केलं, पण ते कळूनही त्यांचा चेहरा बदलला नाही. दुसऱ्यांनी लावलेलं भावजी मोजणार नव्हते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टर म्हणाले, नसा पार चेपल्यात, आजच ऑपरेशन करावं लागेल. पायात किती ताकद परत येईल ते नंतर कळेल. वाकणं मात्र यापुढे बंद. भावजी ऐकत भिंतीला टेकून उभे होते, पँटवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. आत नेताना आत्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी निरवानिरव करतील. मला रडूच आलं.

"कल्पे," त्या म्हणाल्या, "तुज्याकडचा माजा दिस राहिला गं."

"मरू दे तो दिवस!" मी म्हणाले. माझा आवाज चढला तशी नर्स रागावली.

ऑपरेशन नीट झालं. लघवी व्हायला लागली, पाय मात्र अजून परका होता. भावजी रोज त्यांचा अंगठा दाबून विचारायचे, कळतंय का, आणि आत्या तोंड फिरवून घ्यायच्या. खाचराचा विषय दोघांनीही काढला नाही. आमच्या दाराशी मात्र मुरूमवाल्याची गाडी एकदा येऊन चौकशी करून गेली, आणि माझी झोप उडाली.

मग माझं रान लावणीला आलं. सकाळी बायका जमल्या. ओळीच्या टोकाची आत्यांची जागा कुणी घेतली नाही, सगळ्या तिथून जरा लांबच उभ्या राहिल्या. तेवढ्यात भावजी आले, हाफ पँट घालून, डोक्याला टॉवेल बांधून. सगळ्या बघतच राहिल्या.

"काय काम काढलंत?" मी विचारलं.

"आईचा दिस राहिलाय न्हवं तुमच्याकडं," ते म्हणाले, आणि टोकाला जाऊन वाकले.

अशी वाकडी लावणी मी जन्मात पाहिली नव्हती. कुठं रोपं दाट, कुठं विरळ, काही तर पाण्यावर तरंगायला लागली. बायकांनी चेष्टा करून त्यांना नको नको केलं. पण ते दिवसभर हटले नाहीत. संध्याकाळी बांधावर उताणे पडून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, आईचं ते मशीन कुटं हाय?"

"डॉक्टरला विचारल्याशिवाय मिळणार नाही," मी म्हणाले. त्यांनी कंबर चोळत कूस बदलली. मग म्हणाले, "अशी किती वर्सं वाकली वो ती?"

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. आत्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी म्हणाले, "तुमचा दिवस फिटला. राजूभावजी आले होते लावणीला."

त्या हळूच वळल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मी खोटं बोलतेय का ते तपासत.

"सरळ लावलं का?"

"कसलं सरळ! सगळं वाकडंतिकडं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पुढल्या वर्सी हात बसंल त्याचा."