तुटलेली शेपटी

लेक जर्मनीला शिकायला गेली आणि जाताना तिची पाल माझ्याकडे ठेवून गेली. भिंतीवर फिरते तसली पाल नव्हे. पिवळीधम्मक, अंगभर काळे ठिपके, बोटाएवढी जाड शेपटी आणि डोळ्यांना चक्क पापण्या. पुण्याला असताना तिने ती पाळली होती. "आई, हिला पाल म्हणू नकोस, गेको म्हण," असं बजावून गेली. मी पालच म्हणत राहिले. रत्नागिरीपासून थोडं आत आमचं गाव, मागे आंब्याची बाग, घरात मी आणि हे. ह्यांचा दिवस बागेत जायचा, मग संध्याकाळी बोलायला मला काचेच्या पेटीतली तीच. चिमट्यात अळी धरली की दगडाखालून बाहेर यायची, शेपटीचं टोक हलवत नेम धरायची आणि झडप घालायची.

मे महिन्यात धाकटे दीर मुंबईहून मित्रांना घेऊन आले. दरवर्षी येतात. आंबे, फणस, ताजे मासे आणि रांधायला मी. त्या दुपारी मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. माजघरात एकदम हसण्याचा गलका झाला. जाऊन बघते तर भावोजींनी पालीला शेपटीला धरून लटकवलेलं आणि समोर मित्र मोबाइल धरून उभा. "अहो, ठेवा तिला!" मी ओरडले, तोवर शेपटी तुटली. पाल लादीवर पडली आणि तिच्या शेजारी शेपटी एकटीच तडफडत राहिली. ती थांबेपर्यंत त्यांनी व्हिडिओ काढला.

"पालच आहे वहिनी, येईल की दुसरी," भावोजी डोळे पुसत म्हणाले. हसून पाणी आलं होतं डोळ्यांत.

संध्याकाळी तो व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. लेकीने तिकडे पाहिला. तिचा फोन आला तेव्हा ती हुंदके देत होती. मीच बोलले. "तिला मी जगवते. आणि तुझ्या काकाला सोडत नाही."

गावाजवळचा जनावरांचा डॉक्टर गाईम्हशींचा. बिचाऱ्याने माझ्यासमोरच मुंबईतल्या एका मित्राला फोन लावला आणि विचारून विचारून मला सांगितलं. जखम कोरडी ठेवा, पेटीत माती नको, साधा कागद घाला, ऊब द्या, उगाच हाताळू नका. शेपटीत तिची चरबी साठलेली असते, म्हणजे पुढच्या उपासाची शिदोरीच गेली. "खायला लागली तर वाचेल," तो म्हणाला.

ती खाईना. अळी समोर वळवळायची आणि ही मान फिरवायची. नाकतोडा दिला, झुरळ दिलं. बागेतले किडे देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिथे फवारणी असते, म्हणून परसातल्या गवतात वाकून वाकून मी किडे शोधले. काही उपयोग नाही. पाठीचा कणा वर दिसायला लागला. डोळे मिटून पडलेली असायची. मी पेटीसमोर बसायचे आणि आतून भावोजींचं घोरणं ऐकू यायचं. दुपारी माशाच्या दोन तुकड्या जास्त खाऊन झोपलेले.

ते घोरणं ऐकताना मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पानं मांडली ती एक कमी. मित्रांना वाढलं, ह्यांना वाढलं. भावोजी हात धुऊन उभे.

"माझं पान, वहिनी?"

"नाही."

"म्हणजे?"

"तुमच्यामुळे तिचं अन्न सुटलंय. माझ्या हातचं तुम्हाला नाही."

ते हसले. मित्रही हसले. मी सुरमईचं कालवण उचलून आत ठेवलं, तेव्हा हसू थांबलं. हे माझ्या मागे आले आणि हळूच म्हणाले, "अगो, भाऊ आहे माझा. एका पालीपायी..."

"तुमचा भाऊ आहे ना? मग तुम्ही रांधा त्याला."

ह्यांना चहासुद्धा येत नाही करायला. मित्रांनी दुसऱ्या दिवशीच मुंबईची गाडी पकडली. भावोजी मात्र आंब्याच्या पेट्या न्यायच्या म्हणून अडकले. सकाळी आंबोळ्यांचा वास घेत ओटीवर बसायचे आणि मग वाडीतल्या चुलतभावाकडे जेवायला जायचे. त्याची बायको खवट. रोज विचारायची, "घरी काय झालं हो? वहिनीने हाकललं?" तिनेही व्हिडिओ पाहिलेला. चार दारं फिरून ती गोष्ट परत माझ्या कानावर आली तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

इकडे मी अळी ठेचून तिचा रस कापसाच्या कानकाडीने पालीच्या ओठाला लावत होते. डॉक्टरांनीच सुचवलेलं. कितीदा तरी तो तसाच वाळून गेला. मग एका संध्याकाळी तिने जीभ काढली आणि ओठ चाटला. मी श्वास धरून पुन्हा लावला. पुन्हा चाटला. पुढे अर्धी अळी, मग आख्खी. मी लेकीला व्हिडिओ पाठवला आणि घरच्या ग्रुपवरही टाकला. खाली कुणीच हसलं नाही.

भावोजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. "खाल्लं ना तिने? झालं तर मग. आज काय केलंय?"

"कुळथाचं पिठलं," मी म्हटलं. "दोघांपुरतं."

आंबे घेऊन ते तसेच गेले.

गणपतीला आले ते बायकोसकट. मला बघून जाऊबाई गालात हसली. तिने आत येऊन मोदक वळायला घेतले आणि पाठ करूनच म्हणाली, "मी तुमच्याच बाजूची. त्यांचं काय ते तुम्ही बघा." पेटीत पालीला आखूड, गोंडस, कांद्याच्या गड्ड्यासारखी नवी शेपटी फुटली होती. भावोजींनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

आरती झाली. त्यांनी हात पुढे केला, तसा मी त्यावर मोदक ठेवला. प्रसाद देवाचा, तो मी अडवणार नाही. ते खूश झाले, मिटलं असं वाटून पंगतीला जाऊन बसले. मी वाढत गेले. ह्यांना भात, वरण, तूप. जाऊबाईला भात, वरण, तूप. भावोजींच्या केळीच्या पानावर मीठसुद्धा वाढलं नाही.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "किती दिवस?"

"भूकच आहे भावोजी, येईल की दुसरी," मी म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले.