एकच बस, दोन गिऱ्हाइकं

"बस तो है साहब, लेकिन आपकी नहीं है," ड्रायव्हर म्हणाला. माझ्यामागे नागपूरच्या नंदनवन वस्तीतली चाळीस माणसं पेट्या-वळकट्या घेऊन उन्हात उभी होती. समोरच्या बसला झेंडूच्या माळा. टपावर बँडवाले. आत फेटेवाली वऱ्हाडी मंडळी.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका लहान ट्रॅव्हल एजन्सीत मी टूर मॅनेजर होतो. म्हणजे काही बिघडलं की लोक ज्याच्यावर ओरडतात, तो माणूस. ही सगळी बौद्ध कुटुंबं बुद्धपौर्णिमेला लुंबिनीला निघाली होती. त्यासाठी काहींनी दोन-दोन वर्षं पैसे साठवले होते. पौर्णिमा त्याच दिवशी होती आणि लुंबिनी तासाभरावर.

आमची बस भारत-नेपाळ सीमेपर्यंतच. पुढे नेपाळातल्या एजंटची. त्याला आम्ही हँडलिंग एजंट म्हणायचो. आम्ही त्याला आगाऊ पैसे पाठवायचो आणि तो व्हाउचर पाठवायचा. व्हाउचर म्हणजे गाडी मिळेल अशी छापील हमी. ते मी त्याच्या ऑफिसात क्लार्कपुढे ठेवलं.

"मालिक बाहर गए हैं. शिकायत नागपुर में कीजिए," क्लार्क म्हणाला.

मी सीमेच्या अलीकडे परत येऊन पोस्टातून ट्रंक कॉल लावला. आमचे मालक वसंतराव लाइनवर आले.

"आपली जबाबदारी बॉर्डरपर्यंत. ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात छापलंय."

"साहेब, पैसे आपण लुंबिनीपर्यंतचे घेतलेत."

"मग भांड ना त्याच्याशी!"

"भांडतोय. पण इथं मला विचारतो कोण?"

लाइन कटली.

परत आलो तर शेवंताबाई वाटच पाहत होत्या. गिरणीत काम केलेल्या, ग्रुपमधल्या सगळ्यांत मोठ्या. "काय म्हणून राहिले गा तुमचे मालक?"

"म्हणतात, जबाबदारी बॉर्डरपर्यंत."

"मंग आम्ही काय बॉर्डर पाहाले आलो का?"

एवढं बोलून त्या तडक वऱ्हाडाच्या बसमध्ये चढल्या. मी मागे धावलो. पहिल्याच सीटवर नवरदेवाचे वडील बसले होते. तिथल्याच बाजारातले कापडाचे व्यापारी. आता जुंपणार, असं मला वाटलं. पण सेठ आमच्यापेक्षा जास्त तापलेले होते. त्यांनी त्याच एजंटकडे बस आणि जीप सांगितली होती. जीप आलीच नव्हती आणि त्यांच्या घरच्या बायका झाडाखाली ताटकळत होत्या.

"तुमाले बी फसवलं?" शेवंताबाईंनी विचारलं. सेठना मराठी येत नव्हतं, पण प्रश्न बरोबर कळला.

मी व्हाउचर दाखवलं. सेठनी ते वाचलं आणि फेटा सारखा केला.

"आप कितना भी चिल्लाइए, वह नहीं सुनेगा," ते म्हणाले. "आप कल चले जाएँगे. मैं तो इसी बाज़ार में रहता हूँ. चलिए."

आम्ही निघालो. सेठ, नवरदेव, मी आणि मागून दोन्हीकडच्या बायका. ऑफिसातल्या एकुलत्या एका बाकावर नवरदेव बसला. बँडवाल्यांना वाटलं वरात निघाली, त्यांनी दारातच वाजवायला सुरुवात केली. बघता बघता बाजार गोळा झाला. बाहेर गेलेला एजंट मागच्या खोलीतून जेवणाचा हात पुसत आला.

"सेठजी, मुहूरत निकल जाएगा!"

"शाम का है. तब तक यहीं बैठेंगे. आने-जाने वालों को बताते रहेंगे कि क्यों बैठे हैं."

एजंटने दारातली गर्दी पाहिली. त्यात त्याची उद्याची गिऱ्हाइकं होती. त्याने क्लार्कला पिटाळलं. थोड्या वेळाने एक रिकामी बस आली आणि तिच्यामागे जीप. शेवंताबाईंनी पिशवीतली संत्रा बर्फी काढून नवरदेवाच्या तोंडात घातली. "सुखानं नांद गा बाबू!" दोन्ही बस एकदमच सुटल्या.

वंदनेच्या वेळेला आम्ही लुंबिनीत होतो. इतका वेळ सगळ्यांना बोलून गप्प करणाऱ्या शेवंताबाईंनी तिथं हात जोडले आणि त्याच आवाजात वंदना सुरू केली.

नागपूरला आल्यावर मी वसंतरावांशी पुन्हा वाद घातला. बारीक अक्षरातली ती ओळ गेली. पलीकडच्या एजंटचे अर्धे पैसे टूर परतल्यावरच द्यायचे, असं ठरलं. सेठशी पत्रव्यवहार सुरू झाला. तिकडे आमच्या प्रवाशांना कुणी अडवलं की सेठ मदतीला जायचे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या पुतण्याने नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून कूलर नेला आणि त्याचा पंप आठवड्यात बंद पडला. सेठचं पत्र आल्यावर मी दुकानात गेलो. "माल देशाबाहेर गेला, गॅरंटी संपली," दुकानदार म्हणाला. मी रोज ऑफिसला जाताना त्याच्या काउंटरशी थांबून, इतर गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात, पंपाची चौकशी करू लागलो. पंप बदलून मिळाला.

तेव्हा परदेशात काही विकत घ्याल तर गॅरंटी कार्ड जरूर सांभाळा. आणि त्या दुकानावरून रोज जाणारा एखादा माणूसही ओळखीचा ठेवा.