खडूच्या पाच रेघा

आखातात, सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुने कॉम्प्रेसर दुरुस्त करायला एक म्हातारे जर्मन गृहस्थ आले होते. यंत्र उघडण्याआधी ते त्यावर तळहात ठेवून उभे राहत, ताप बघावा तसे.

शेवटच्या दिवशी आमच्या केरळी फोरमनने त्यांच्या टूलबॉक्सवर खडूने पाच रेघा ओढल्या. दुरुस्त झालेल्या प्रत्येक यंत्राची एक. "सर, हा तुमचा स्कोअर. काम खलास."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

चहा घेताना त्यांनी मला सांगितलं. वडील महायुद्धात लढाऊ विमानाचे पायलट होते. शत्रूचं विमान पाडलं की आपल्या विमानाच्या शेपटीवर एक रेघ रंगवायची रीत होती. त्या शेपटीशेजारी उभ्या वडिलांचा फोटो घरात होता.

"त्या रेघांवर मी मोजायला शिकलो," ते म्हणाले. "रेघेमागे माणूस होता, हे कोणी सांगितलं नाही. आता चार वर्षांचा नातू तो फोटो मागतोय."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चिंचोक्यांवर मोजायला शिकलो. घरात अंक ओळखणारा मी पहिलाच. गुरुजींचे उपकार आहेतच, पण चिंचोक्यांचेही आहेत, हे तेव्हा कळलं.

"मग देणार फोटो?"

"देईन. पण आधी त्याला दुसऱ्या कशावर तरी मोजता यायला हवं."

निघताना त्यांनी मला टूलबॉक्सचा फोटो काढायला सांगितला. मागे पाचही यंत्रं दिसायला हवी होती. मी म्हटलं, "सर, तुम्ही शेजारी उभे राहा ना."

ते दोन पावलं सरकून फोटोच्या चौकटीबाहेर गेले.