चौथ्या बाजूची शिवण

टाचणीआत्या हे नाव ज्यानं ठेवलं त्याला एकतर दिसत नसावं, नाहीतर विनोदाची भारी हौस असावी. आत्या दारातून आत यायची म्हणजे आधी पोट यायचं, मग आत्या, आणि मग दार सुटकेचा श्वास टाकायचं. नाव पडलं ते तिच्या तोंडावरून. शिवायला बसली की ओठांत सहा टाचण्या, आणि त्या असेपर्यंत बोलणं म्हणजे फक्त "हं" किंवा "अंहं". गल्लीतल्या बायका नेमक्या त्याच वेळी तिच्याकडे येऊन बसायच्या. आपलं सगळं ऐकणारी आणि मधे एक शब्द न बोलणारी बाई दुसरीकडे मिळते कुठे?

घर धक्क्याच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत पायमशीन, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि तिथल्या भिंतीत एक दार. दारापलीकडे धाकट्या भावाचा संसार. आई गेली तेव्हा भाऊ सात वर्षांचा. त्याला हिनं वाढवला, हिनं बोहल्यावर चढवला, आणि त्यानं होडी घेतली तेव्हा तिचं शीडही हिनंच शिवलं. मधल्या दाराला दोन्हीकडून कड्या होत्या, पण त्या लावायच्या असतात हे दोन्ही घरांना कुणी सांगितलं नव्हतं. भाचा तर त्या दारातूनच मोठा झाला. आईकडे जेवून झालं की आत्याकडे जेवायला यायचा, आणि दोन्हीकडे उपाशी असल्याचं तोंड करायचा. एकोणीस वर्षांचा झाला, होडीवर जाऊ लागला, तरी आत्याच्या खोड्या काढणं सुटलं नव्हतं. मशीनवर केशरी लाइफ जॅकेट दिसलं की म्हणायचा, "आत्या, तू पाण्यात पडलीस ना, तर जॅकेट तुला नाही, समुद्राला घालावं लागेल." आत्या टाचण्यांतून "हं" करायची आणि हाताशी असेल ती पट्टी त्याच्या पाठीत घालायची.

जॅकेटांचं काम दिलं होतं साखरशेठनं. धक्क्यावर होड्यांच्या सामानाचं मोठं दुकान त्याचं. बोलणं इतकं गोड की त्याच्याशी दोन मिनिटं बोललेला माणूस घरी जाऊन चूळ भरायचा. शेठनं केशरी रेक्झिन आणि पाण्यावर तरंगणारा ताठ फोम द्यायचा, आत्यानं शिवून, भरून परत करायचं. तीन बाजू मशीनवर, मग फोम आत सारायचा आणि चौथी बाजू हातानं, मेण लावलेल्या जाड दोऱ्यानं. हातानं कशाला, उगाच वेळ जातो, असं शेठ दर खेपेला म्हणायचा. आत्या दर खेपेला "अंहं" म्हणायची. ताठ फोम भरलेली कड मशीनच्या पायाखाली जातच नाही, एवढंच खरं तर सांगायचं होतं. पण त्यासाठी टाचण्या काढाव्या लागल्या असत्या, आणि शेठसाठी सहा टाचण्या काढाव्यात एवढी काही त्याची योग्यता नव्हती. हे न सांगितलेलं वाक्यच पुढे शेठला भोवलं.

भावानं मुलासाठी जॅकेट घेतलं ते शेठच्या दुकानातूनच. घालताना पट्टे स्वतः आवळले. म्हणाला, "ताईच्या हातचं आहे. काढायचं नाही."

मुलानं काढलंही नाही. खाडीच्या तोंडाशी वारा एकदम फिरला, होडी उलटली, शिडाचं लाकूड मुलाच्या डोक्यात बसलं. बाकीचे तिघे पोहणारे होते, वाचले. मुलगा शुद्धीवर नव्हता. दुसरी होडी पोचायला पाव तास लागला. तेवढा पाव तास जॅकेटनं त्याला वर धरायचं होतं. त्यानं धरलं नाही, उलट खाली ओढलं. बाप सगळा वेळ त्याला एका हातानं उचलत होता. शेवटी हातात जोर राहिला नाही.

धक्क्यावर जॅकेट कापलं तर आतून गादीचा स्पंज निघाला, पाणी पिऊन धोंड्यासारखा जड झालेला. शेठनं डोळे पुसले. मी तर एक नंबरचा फोम मोजून दिला होता हो, म्हणाला, बाईनं तो कुठे विकला आणि हे काय भरलं, कुणास ठाऊक. त्या संध्याकाळी मधल्या दाराला भावाच्या बाजूनं कडी लागली. एकावन्न वर्षांत आत्यानं तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

मग गल्लीचं खरं रूप दिसलं. आत्यानंच भाच्याला बुडवलं, हे वाक्य नळावर, दुकानात, जिन्यात, सगळीकडे तिच्या आधी पोचायचं. बायकांनी शिवायला टाकलेले कपडे अर्धवट तसेच परत नेले. कोपऱ्यावरच्या पाववालीनं नवऱ्याचा एका बाहीचा शर्ट नेला आणि दुसरी बाही घरी स्वतः लावली. तो बिचारा तेव्हापासून चोवीस तास हात वर करून कुणाला तरी हाक मारत असल्यासारखा दिसायचा. आत्याच्या तोंडात आता टाचण्या नव्हत्या. बोलायला तोंड मोकळं, पण समोर माणूस नाही. तिला गल्लीचं काही पडलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी मागच्या खोलीत बसायची आणि त्या कडीकडे बघायची.

आठ महिन्यांनी चौकशीची तारीख लागली. बंदर कार्यालयाच्या लांबट खोलीत बाहेरगावच्या अधिकारी बाई आल्या होत्या. चष्मा साखळीला अडकवलेला, बोलणं कमी, लिहिणं जास्त. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी कार्यालयानं शेठच्या गोदामाला कुलूप लावलं होतं; तिथली एकेचाळीस जॅकेटं बाईंनी टेबलावर आणवून ठेवली होती. खिडक्यांना अख्खा धक्का लोंबकळत होता. भाऊ दारापाशी, भिंतीला टेकून, जमिनीकडे बघत उभा.

बाईंनी भाच्याचं जॅकेट आत्यासमोर सरकवलं आणि विचारलं, हे तुम्हीच शिवलं ना?

आत्यानं ते शिवून दिल्यानंतर पहिल्यांदाच हातात घेतलं. आधी नुसतं मांडीवर ठेवलं. मग सवयीनं तिचा अंगठा कडेकडेनं फिरायला लागला. एक बाजू, दुसरी, तिसरी. चौथीवर अंगठा थांबला.

"तीन बाजू माझ्या, बाई," ती म्हणाली. "चौथी नाही."

शेठ गोड हसला. "आता एका पोराला दोन आया कशा असतील?"

"दोन नाहीत. एक आई आणि एक पळवून नेणारा."

खिडकीत कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्या उठली, जॅकेट उजेडात धरलं आणि आयुष्यात बोलली नव्हती एवढं सलग बोलली. चौथी बाजू मी हातानं शिवते, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, दाभणासारख्या सुईनं. ही मशीनची शिवण आहे. पण खाली बघा. कापडाची शिवण उसवली तर कापड एका धुण्यात विसरून जातं. रेक्झिन विसरत नाही. एकदा पडलेलं भोक जन्माचं. बाईंनी चष्मा चढवला, वाकून बघितलं. मशीनच्या बारीक टाक्यांखाली मोठमोठ्या भोकांची एक रिकामी रांग होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"शेठ, ताठ फोम भरलेली कड मशीनखाली घालून दाखवा," आत्या म्हणाली. "जाणारच नाही. दबतो तो स्पंज. म्हणजे ज्यानं मशीन मारली त्याच्या हातात तेव्हा स्पंजच होता."

शेठची साखर अजून संपली नव्हती. भोकं असतील हो, म्हणाला, उसवलंही असेल कुणी. पण त्याआधी आत फोमच होता कशावरून? हिनं स्पंजच भरून हातानं शिवला नसेल कशावरून?

भावानं पहिल्यांदा मान वर केली. आत्याला ते दिसलं. आपण इथे शेठला नाही, त्या एका माणसाला उत्तर द्यायला आलोय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं एकेचाळीस जॅकेटं एकेक करून चाचपली. तीस मशीनची. अकरांना तिचा मेणाचा दोरा अजून तसाच होता; शेठच्या माणसाला तेवढी उसवून महागाचा फोम काढून घ्यायला वेळ मिळाला नव्हता. बाईंनी कात्री मागवली, एक कापून बघू म्हणाल्या.

"कापू नका. कापलेलं तुम्हाला दिसेल, धक्क्याला नाही दिसणार. या अकरातलं तुम्हीच एक निवडा. मी घालते."

बाईंनी निवडलं. पट्टे पुढे येऊन भेटेनात, तेव्हा दोघा खलाशांनी मधे दोरीची भर घालून ते कसेबसे बांधले. आत्या धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. जन्म समुद्राकाठी गेला, पण घोट्याच्या वर पाणी तिनं कधी लागू दिलं नव्हतं. पोहणं तर सोडाच. तिनं बाईंना घड्याळ बघायला सांगितलं.

"पाव तास," म्हणाली. "त्याला पाव तास हवा होता."

आणि उडी मारली.

पाणी केवढं उडालं हे धक्क्यावर अजून हातवारे करून सांगतात. बाईंचे कागद भिजले, शेठचा पांढराशुभ्र सदरा अंगाला चिकटला, आणि पहिल्या रांगेतल्या कुणाचंही तोंड कोरडं राहिलं नाही. आत्या खाली गेली. दोन श्वास कुणी घेतलेच नाहीत. मग ती बुचासारखी टुणकन वर आली, खोकली, एक अस्सल शिवी हासडली, आणि तरंगायला लागली. नुसती तरंगली नाही. आरामखुर्चीत बसावं तशी लाटांवर बसली, केस तोंडावर आलेले, हात दोन्हीकडे पसरलेले, अफाट केशरी. पाच मिनिटं झाली. दहा झाली. शेठ मागे सरकत सरकत ज्याला टेकला तो हवालदार निघाला.

पंधरावं मिनिट भरलं तेव्हा भाऊ पायऱ्या उतरून कपड्यांसकट पाण्यात शिरला. पोहत तिच्यापाशी गेला, जॅकेटचा पट्टा धरला. चौथ्या बाजूच्या शिवणीवरून एकदा अंगठा फिरवला. आठ महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"ताई, पोहता येत नाही आणि उड्या मारतेस? अक्कल आहे का?"

आत्याच्या तोंडात एकही टाचणी नव्हती. तरी ती एवढंच म्हणाली, "हं."

शेठला नेलं तेव्हा त्याला म्हणे एकही गोड शब्द सुचला नाही. त्याच्याकडून जॅकेट घेतलेले लोक त्याच दुपारी कडा चाचपत धावत आले. आता त्या धक्क्यावर आत्यानं चौथी बाजू हातानं शिवल्याशिवाय एकही जॅकेट होडीवर चढत नाही, तसा बंदर कार्यालयाचा लेखी हुकूमच आहे. चिल्लीपिल्लीसुद्धा जॅकेट घालण्याआधी म्हणतात, चौथी बाजू दाखव.

त्या संध्याकाळी आत्या मागच्या खोलीत केस वाळवत बसली असताना कडी निघाली. भाऊ आत आला, चटईवर बसला. मग भाऊ म्हणाला, "धक्क्यावर पाणी चढलं होतं, माहितीये? तो असता तर म्हणाला असता, आधी समुद्राला जॅकेट घाला." आधी भावाला हसू फुटलं, मग आत्याला, आणि मग दोघंही हसतायत की रडतायत हे बघायला भावजय हातातलं काम टाकून त्याच दारातून आली आणि त्यांच्यात बसली.

दुसऱ्या दिवशी पाववाली नवऱ्याला घेऊन हजर. बाही जरा नीट लावून द्या म्हणाली, आणि मग इकडचं तिकडचं बोलत बसली. आत्यानं ओठांत सहा टाचण्या धरल्या आणि बाही उसवायला घेतली. कापडच ते, एका धुण्यात विसरणार होतं.