फोटूसाठी धरलेला श्वास

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेळ्यांची धार. मी धार काढून राहिलो होतो अन् माझी बायको गया गोठ्यातच बाजेवर बसून श्वास धरून राहिली होती.

त्याचं असं झालं... तिच्या हृदयाची बायपास आधीच झालेली. पायातली नस काढून तिथं जोडली होती. पुन्हा छातीत दुखाया लागलं, तर औरंगाबादचे डॉक्टर म्हणले, जोडलेल्या नसांतून रक्त चालू हाय का ते बघू. चिरफाड न्हाई, मशीनीत निजवून फोटू काढायचा. फक्त मशीन सांगंल तवर श्वास धरायचा. गयानं मधीच सोडला. फोटू सारा हलला. डॉक्टर म्हणले, घरी सराव करा अन् पुढच्या आठवड्यात या.

मग घरी, पुसेगावला, रोज सांजच्याला हेच. मी म्हणायचो "धर", काही धारा चरवीत पडू द्यायचो, मग "सोड". तिनं सोडला की पडलेल्या दाताच्या फटीतून बारीक शिट्टी वाजायची.

"अवो, किती येळ? झोप लागली का तुमाला?"

"मशीन विचारणार हाय का तुला, थकली का म्हणून?"

"मशीन बरी. तुमच्यावानी खेकसत तर न्हाई."

फोटूच्या आदल्या दिवशी दुपारी ती गेली. नसा चालू होत्या का बंद, कुणालाच कळलं न्हाई.

मी भुताखेताला मानणारा माणूस न्हाई. मसणवट्यालगत जन्मभर शेळ्या चारल्या, कधी काही दिसलं न्हाई. झालं तेवढंच सांगतो.

तेरवी उरकल्यावर एका सांजेला धार काढताना सवयीनं तोंडातून गेलं, "धर." अन् गोठ्यातला रवंथ थांबला. साऱ्या शेळ्यांचा. जबडे जागच्या जागी, एक घंटी वाजंना. करडं आईला ढुसण्या देऊन राहिली होती, ती बी तशीच उभी.

माझा पोरगा मारोती पाला टाकून राहिला होता. म्हणला, "बाबा, शेळ्या काहून गप झाल्या?"

काय म्हणायचं ते मला माहीत होतं. पण म्हणवंना... म्हणलं की ती जाईल, असं वाटून राहिलं. माझा बी श्वास धरलेला. छाती फुटाया आली.

"बाबा, काही बोला की."

"सोड," म्हणलो.

बाजेकडून बारीक शिट्टी वाजली. लांब. मग रवंथ सुरू झाला, घंट्या वाजल्या. मारोतीच्या हातचा पाला खाली पडला. "आई व्हय?" म्हणला.

पुढं ढोराच्या डॉक्टरला विचारलं. ते म्हणले, जवळ लांडगं आलं की शेळ्या गप होतात. असंल. पण शिट्टी मारोतीनं बी ऐकली, तिचं काय?

त्या सांजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाज भिंतीला उभी केली अन् धार काढाया बसलो. तिला आणखी किती येळ धराया लावायचं? "धर" म्हणलो न्हाई. लई वाटलं, तरी न्हाई.