वीसपर्यंत मोजणारी बाई

आमच्या कचेरीत तिला सगळे गोगलगाय म्हणत. मी म्हणीचा पुढचा भागही जोडायचो: नि पोटात पाय. स्वभावच माझा संशयी. दूधवाला नुसता हसला तरी मी आधी पातेल्यात डोकावतो.

जुन्या जन्मनोंदी शोधून द्यायचं आमचं काम. तिची खिडकी माझ्या शेजारचीच. दोघांचे कॉम्प्युटर एकाच दिवशी आलेले. नाव टाकायचं, बटण दाबायचं, पापणी लवायच्या आत उत्तर. मग माझ्याकडे तासाला साठ माणसं उरकतात आणि हिच्याकडे चाळीसच कशी? कुठंतरी पाणी मुरत होतं. चिरीमिरीचा वास मला लांबून येतो, असा माझा समज.

तिच्या पाठीमागे काचेचं कपाट होतं. मी खुर्ची जराशी सरकवली आणि काचेत तिचा स्क्रीन न्याहाळू लागलो. कुणी नाव सांगायचं, ही बटण दाबायची आणि ‘नोंद सापडली नाही’ अशी तांबडी ओळ तिथल्या तिथे उमटायची. तरी ही गप्प! भुवया आवळून स्क्रीनकडे बघत बसायची. ओठ हलायचे. मग उसासा टाकून सांगायची, नाही हो सापडत, फार शोधलं.

फार शोधलं म्हणे. धादांत खोटं! आठवडाभर मी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. गंमत म्हणजे नोंद सापडली की हिचा चेहरा लगेच फुलायचा, कागद लगेच समोरच्याच्या हातात. अडवून धरायची ती फक्त ‘नाही’. आता ‘नाही’ अडवून कुणाला काय मिळणार? हे गणित काही मला सुटेना.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत मी तिला सरळ विचारलं. वाटलं होतं, गडबडेल. तिनं शांतपणे डब्याचं झाकण लावलं आणि सांगायला लागली. वह्या होत्या तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन तासभर पानं चाळायची, धुळीनं काळे झालेले हात घेऊन बाहेर यायची आणि नाही म्हणायची. लोक निमूट घरी जायचे. कॉम्प्युटर आला त्याच महिन्यात एक आजी आल्या. बटण दाबलं, नाही. अगं, बघितलंस तरी का, म्हणत आजी बाकावर बसल्या त्या हलेचनात. चार वेळा बघायला लावलं. पाचव्या वेळी हिनं मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं आणि मग नाही म्हणाली. आजी उठल्या, हिच्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या.

“इतक्या पटकन कुणाला नाही म्हणू नये, भाऊ,” ती म्हणाली. “माणसाला वाटतं, आपल्यासाठी कुणी शोधलंच नाही.”

तोंडात मारल्यासारखं झालं मला. तरी दुसऱ्या दिवशी मी काचेत बघितलंच. संशय असा एका दिवसात जातो थोडाच. पण त्या दिवसापासून मी त्यांना गोगलगाय म्हणायचं सोडलं. बाई म्हणू लागलो.

गेल्या महिन्यात बाईंच्या यजमानांच्या मानेला गाठ आली. गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. मुलगा परगावी, म्हणून रिपोर्ट आणायला बाईंनी मला सोबत बोलावलं. दवाखान्याच्या खिडकीत एक चष्मेवाली मुलगी होती. आमच्या पुढच्या माणसाचा नंबर तिनं टाकला आणि लगेच हसली. काका, साधी गाठ आहे, काळजी करू नका, म्हणत कागद त्याच्या हातात दिला.

मग आमचा नंबर. मुलीनं बटण दाबलं आणि स्क्रीनकडे बघत राहिली.

“आज कॉम्प्युटर जरा हळू चाललाय,” ती म्हणाली.

मी पडलो संशयी. मी तिच्या चष्म्याच्या काचेत बघितलं. ओळी केव्हाच उमटून जागच्या जागी थांबल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, देवा, माझा संशय खोटा ठरू दे, तो कॉम्प्युटर खरंच बिघडलेला असू दे. बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचं मला धाडस होईना.

त्यांनी खिडकीची कड घट्ट धरली होती.

“सावकाश सांग, बाळा,” त्या म्हणाल्या. “मीही वीसपर्यंत मोजते.”